दोन नकाशांमधली फट

मोजणीच्या दिवशी मी कुणाच्याही घरचा चहा पीत नसे. पाणीसुद्धा घरून नेत असे. त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी राजूरजवळच्या एका शेतात थोरल्या भावाकडे चहा घेतला आणि बांध धाकट्याच्या बाजूला दीड हात सरकला. बांध जुन्या मोजणीच्या टिपणाप्रमाणेच होता, त्यात माझी चूक नव्हती. पण धाकट्याने सगळ्या गावासमोर मला विचारलं, "साहेब, कप किती मोठा व्हता?" त्या दिवसापासून बाटली पिशवीत.

भूकरमापक म्हणजे जमीन मोजणारा. लोक म्हणतात 'मोजणीवाले'. आम्ही गावात आलो की कुणाला आनंद होत नाही. ज्याने अर्ज केलेला असतो तो शेजाऱ्याकडे संशयाने पाहतो, शेजारी आमच्याकडे पाहतो आणि आम्ही दोघांकडे. मी आयुष्यभर संशय घेण्याचा पगार घेतला असं म्हटलं तरी चालेल. निवृत्त होऊन जालन्यात घर केलं, तरी सवय गेलेली नाही. भाजीवाल्याचा काटा बघतो आणि मंग सुना हसतात.

शेवटची काही वर्षं गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून मला शेतातून काढून अभिलेख कक्षात बसवलं. ही म्हणजे जुन्या कागदांची खोली. खोली कसली, कपाटांचं एक जंगलच. त्यात आमच्या गावांचे दोन प्रकारचे नकाशे होते. एक नंतरचे, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या मोजणीचे, मराठीतले. रोजच्या कामाला तेच लागत. दुसरे त्याआधीचे, मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या राजवटीतले, कापडावर चिकटवलेल्या कागदाचे, उर्दूत लिहिलेले. ते उघडायला कुणी जात नसे, कारण वाचता येणारे लोक एकेक करून निवृत्त झाले होते. मला थोडंफार येत होतं. नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावर एक वयस्कर मुन्शीजी होते. ते म्हणायचे, "बेटा, आकडे और नाम पढना सीख, बाकी सब शायरी है." तेवढंच शिकलो.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भोकरदन, जाफराबादच्या बाजूला आज जिथे जालना जिल्हा संपून बुलढाणा सुरू होतो, तिथे एके काळी राज्य बदलत होतं. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांच्या हाताखालचं वऱ्हाड. दोन्ही सरकारांनी आपापल्या बाजूची जमीन आपापल्या माणसांकडून मोजून घेतली. एकाने दुसऱ्याचा नकाशा पाहिला नाही. मध्ये भिंत नव्हती, तार नव्हती. होते फक्त हद्दीचे दगड. माणसं दोन्हीकडे पोरी देत होती, बैल विकत होती. नकाशांचंच तेवढं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

कौसाबाई माझ्याकडे आल्या त्या या बोलणं नसल्यामुळेच. त्यांच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. सत्तरीच्या पुढच्या, काळ्यासावळ्या, कपाळावर मोठं गोंदण. खिडकीतून अर्ज आत सरकवून त्या उभ्याच राहिल्या.

"बसा मावशी."

"बसायला न्हाई आले. आमची वस्ती कोन्या जिल्ह्यात हाय ते सांगा, मंग जाते."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. चौदा घरांची वस्ती. जालन्याकडचे लोक म्हणत, आमच्या नकाशात तुम्ही नाही, तुम्ही वऱ्हाडात. वऱ्हाडातले म्हणत, आमच्या नकाशात नाही, तुम्ही मराठवाड्यात. मतदान आणि राशन शेजारच्या गावातल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर चालून गेलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी कौसाबाईंची नातसून अडली. दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला तर दोन्हीकडून एकच प्रश्न, तुम्ही कोणत्या हद्दीत? शेवटी ट्रॅक्टरमधून नेताना रस्त्यातच बाळंत झाली. पोरगी झाली, जगलीही. पण तिचा जन्म कुणीच नोंदवला नाही. जन्म झाला ते ठिकाण कोणत्या गावात येतं, हेच कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं.

"आता अंगणवाडीतली बाई म्हणती, दाखला आणा," कौसाबाई म्हणाल्या. "पोरगी समोर उभी हाय, खेळून राह्यली, अन् ती जन्मलीच न्हाई म्हणत्यात."

मी दोन्ही जिल्ह्यांचे नकाशे मागवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कडा जुळवल्या. वर जुळल्या, खाली जुळल्या, मध्ये जुळेनात. मध्ये एक पाचर राहिली, लाकूड फोडायला मारतात तशी. जालन्याची हद्द एका कोपऱ्याच्या दगडापर्यंत येऊन वळत होती. वऱ्हाडाची हद्द त्याच्या पूर्वेला, बरीच लांबून वळत होती. मधली जमीन कुणाचीच नव्हती आणि तिच्यात चौदा घरं होती.

एकाने तरी दगड चुकीचा धरला होता. माझा पहिला संशय वऱ्हाडच्या नकाशावर. आपल्या खात्याची चूक असेल असं आधी कुणाला वाटतं?

साहेबांनी दोन्ही जिल्ह्यांची संयुक्त मोजणी ठरवली आणि जुने कागद वाचता येतात म्हणून गुडघे दुखत असूनही मलाच नेमलं. नोटिसा गेल्या आणि आठवड्याच्या आत दिगंबरराव ऑफिसात हजर झाले. वऱ्हाडच्या बाजूच्या एका शहरातले, जुन्या जमीनदार घराण्यातले. पांढरा सदरा, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, बोलणं अतिशय गोड. जुने नकाशे जमवणं हा त्यांचा छंद होता. हक्काचा अर्ज आणि कापडात गुंडाळलेली एक मोठी चौकट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. काचेखाली पिवळा पडलेला नकाशा, उर्दू अक्षरं, कोपऱ्यात मोहोर. त्यात हद्द जालन्याच्या आजच्या दगडावरच दाखवली होती आणि मधली पाचर त्यांच्या पणजोबांच्या नावावर.

"आमच्या घराण्याची जहागीर," ते म्हणाले. "त्या गरीब लोकांना हाकलायचं नाही हो आम्हाला. घरं राहू देत. वरची टेकडी तेवढी आमची."

टेकडी काळ्या दगडाची होती. खडी काढणारे लोक वर्षभर तिच्याभोवती फिरत होते, हे मला मोजणीच्या मजुरांकडून आधीच कळलेलं होतं.

"चौकटीतून काढून बघू?" मी विचारलं.

"काढा की. पण सांभाळून."

जुना कागद तपासायची एक साधी रीत आहे. मोहोर बघायची नाही, ती कुणीही बनवतो. कसरीच्या किड्याने पाडलेली भोकं बघायची. शाई आधी आणि किडा नंतर असेल, तर रेघ भोकाच्या कडेला स्वच्छ तुटते. किडा आधी आणि शाई नंतर असेल, तर शाई भोकाच्या काठात मुरते, कड काळी होते. मी भिंग लावलं. नदीची रेघ, गावाचं नाव, रस्ता, सगळीकडे स्वच्छ कडा. हद्दीच्या रेघेवर तीन भोकं होती. तिन्हींच्या कडा काळ्या.

म्हणजे नकाशा जुना, पण हद्द नवी. चौकट परत बांधून दिली आणि म्हणालो, "मोजणीच्या दिवशी घेऊन या." खोटा कागद टेबलावर पकडला तर वकील येतो. शेतात पकडला तर सगळं गाव साक्षीला असतं.

त्या दुपारी मी जुन्या कपाटातून आमच्याच गावाचा कापडी नकाशा काढला. धुळीने शिंका आल्या. कोपऱ्याच्या दगडाजवळ उर्दूत 'संग-ए-सरहद', म्हणजे हद्दीचा दगड, असं लिहिलेलं होतं आणि ओढ्यापासूनचं अंतर मोजणीच्या तेहतीस फुटी साखळीत दिलेलं. मी ते अंतर पेन्सिलने उतरवलं, पुन्हा मोजलं, आणि खुर्चीत बसलो. या नकाशातला दगड वऱ्हाडच्या नकाशातल्या वळणावरच येत होता. म्हणजे वऱ्हाड बरोबर होतं. चूक आमच्या नंतरच्या नकाशात होती. ज्याने तो काढला त्याने जागेवर दगड पाहिला, तीच हद्द धरली, आणि जुना कापडी नकाशा उघडलाच नाही.

मोजणीला दोन्ही जिल्ह्यांचे लोक आले. वस्तीची माणसं लिंबाखाली उभी होती. कौसाबाई सगळ्यांच्या पुढे. दिगंबरराव गाडीतून चौकट घेऊन उतरले आणि थेट दगडापाशी गेले. कंबरेइतका उंच, चौकोनी घडवलेला, एका बाजूला जुनी खूण कोरलेली. दगड अस्सल होता, याबद्दल मला शंका नव्हती.

"हा बघा दगड आणि हा बघा नकाशा," ते म्हणाले. "शंभर वर्षं झाली, तसूभर हललेला नाही."

"मंग खाली खणून बघू," मी म्हणालो.

"खणायचं कशाला?"

"जुन्या काळी हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा आणि फुटकी कौलं पुरत असत. कोळशाला वाळवी लागत न्हाई, तो कुजत न्हाई. वरचा दगड कुणी चोरला, तरी जागा सापडावी म्हणून."

मजुरांनी दगडाच्या बुडाशी खणलं. हातभर, दोन हात. काळी माती, मंग मुरूम. कोळशाचा कणही नाही. दिगंबरराव म्हणाले, "कोळसा घालायचा राहून गेला असेल." मी जुन्या नकाशातलं अंतर काढलं आणि आम्ही ओढ्यापासून पूर्वेकडे मोजत निघालो. वस्ती मागे पडली, टेकडी मागे पडली. पन्नास साखळ्या, म्हणजे अर्धा किलोमीटर. बोरीच्या झुडपात मी खुंटी ठोकली. पहिल्या खड्ड्यात काही नाही. दोन हात बाजूला दुसरा घेतला. मजुराच्या टिकावाला कौलं लागली आणि त्याखाली ओंजळभर कोळसा निघाला, काल चुलीतून काढल्यासारखा काळाभोर.

वऱ्हाडच्या मोजणीदाराने माझ्याकडे पाहून मान हलवली. आता मी सगळ्यांसमोर दिगंबररावांना नकाशावरची भोकं दाखवली. रेघ मागाहून ओढली आहे, आणि ती कुणीतरी आजचा दगड बघून ओढली आहे, हेही सांगितलं. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मंग म्हणाले, "मी हा एका दुकानदाराकडून घेतला. मला असाच मिळाला." खरं असेल. खोटं असेल. त्यांनी फसवलं की तेही फसले, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. आठवड्याने त्यांनी अर्ज मागे घेतला.

पण जाता जाता त्यांनी एक प्रश्न मागे सोडला. वस्तीकडे बोट करून म्हणाले, "माझी रेघ खोटी, मान्य. पण दगड हलवला कुणी? दगडाला पाय फुटत नाहीत. यांच्यातल्याच कुणीतरी हलवला असणार."

माझ्याही मनात तेच आलं होतं. हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे. मी कौसाबाईंकडे पाहिलं तर त्यांनी नजर खाली घातली. इतकी वर्षं लोकांच्या नजरा वाचल्यावर ती नजर मला लगेच कळली. या बाईला ठाऊक होतं.

मी वस्तीत गेलो. त्यांनी ओसरीवर पोतं टाकलं.

"मावशी, दगड कुणी हलवला?"

"मला काय म्हाईत."

"तुम्हाला म्हाईत हाय."

मंग एकदम म्हणाल्या, "तुमी पैल्यांदा न्हाई आल्ते इथं. वीस साल झाले असतील, शेजारच्या शेताची मोजणी करायला तुमीच आल्ते. दगडावर मोजणीचं टेबल टेकवून त्याच्यावर पाण्याची बाटली ठेवल्ती. तवा कामून न्हाई खणलं?"

मला काहीच आठवेना. ऑफिसात गेल्यावर त्या मोजणीच्या कागदांचा बस्ता काढून पाहिला. सही माझीच होती. मी त्या दगडापासून मोजलं होतं, दगडाच्या जागेबद्दल संशय घेतला नव्हता. कागदावर शंका, माणसावर शंका, आणि दगड दिसला की डोळे मिटून विश्वास. ही गोष्ट मला आजही टोचते. वीस वर्षं आधी खणलं असतं, तर ती पोरगी ट्रॅक्टरमध्ये जन्मली नसती.

त्या दिवशी ओसरीवर मात्र मी एवढंच म्हणालो, "तेव्हा चुकलं. आता सांगा."

"खटला व्हईल?"

"ज्याने हलवला तो हयात आहे?"

"न्हाई." त्यांनी पदर सारखा केला. "मामंजींनी हलवला. माझ्या सासऱ्यांनी."

मला उलगडेना. दगड वस्तीच्या अलीकडे, मोगलाईच्या बाजूला सरकलेला. लोक दगड सरकवतात ते जमीन घ्यायला. यांनी तो असा सरकवला होता की आपलं घर, आपलं शेत हद्दीच्या बाहेर पडावं. स्वतःचं घर स्वतःच्या गावातून कोण काढतं?

"रझाकाराचा टाइम व्हता," कौसाबाई म्हणाल्या. "मी तवा जन्मले बी नव्हते, सासूबाई सांगायच्या. आजूबाजूची गावं रिकामी व्हत व्हती. लोक पोराबाळाला घिऊन वऱ्हाडात पळून राह्यले व्हते. वऱ्हाडात गेलं की सुटले. आमच्या घरात मामंजींची आई लुळी पडलेली. तिला उचलून कुठं नेणार? अन् पिकं उभी. मामंजी म्हणले, आपुन वऱ्हाडात जाऊ शकत न्हाई, तर वऱ्हाडच हिकडं आणू."

"आणि दगड आणला?"

"भर दुपारी. दोन बैल लावले, लाकडाच्या घसरणीवर घातला, वस्तीच्या सगळ्या गड्यांनी रेटला. घराच्या पल्याड व्हता, अल्याड आणून रोवला. कोळशाचं काय त्यांना म्हाईत नव्हतं."

"उपयोग झाला?"

"घोड्यावरचे लोक आल्ते एकदा. दगडापाशी थांबले. एकजण म्हणला, ही सरहद हाय, पुढं आपला मुलूख न्हाई. उभे राह्यले, बघत राह्यले, अन् माघारी गेले. सासूबाई दारात उभ्या व्हत्या. त्यांनी डोळ्यानं बघितलं."

घोड्यावरच्यांनी दगड बघून खरंच माघार घेतली, की त्यांना दुसरीकडे जायचं होतं, कोण सांगणार. मी संशयी माणूस. पण वस्तीतलं एकही माणूस गेलं नाही, हे शेजारच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांनीही मला नंतर सांगितलं.

"मंग परत का नाही ठेवला दगड?"

"मंग राज्यच एक झालं. मामंजी म्हणले, आता हद्दच न्हाई ऱ्हायली तर दगड कुठं बी असंना. त्यांना काय ठाव, तुमी लोक टेबल घिऊन येताल. मंग कुनीतरी म्हणलं, दगड हलवला तर जेल. तवापासून सगळे गप."

मी जबाब लिहायला घेतला. "सासऱ्यांचं नाव?"

"आमच्यात सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत्यात."

मला ते बरंच वाटलं. नाव नसलं की पुढच्या चौकशा नाहीत, वकिलांना खाद्य नाही. मी लिहिलं, 'सदर दगड पूर्वी केव्हातरी अज्ञात इसमाने हलवल्याचे दिसून येते.' सुरक्षित वाक्य. अशी वाक्यं लिहूनच मी पेन्शनपर्यंत पोचलो. नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवला.

कौसाबाई ताठ झाल्या. "अज्ञात म्हंजी?"

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

"चोराला म्हणत्यात तसं?"

"तसं नव्हे मावशी, तुमच्याच सोयीसाठी..."

"चौदा घरं वाचवली त्यांनी. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. अन् तुमी त्यांना कोणीबी न्हाई करून टाकलं? पोरीला जन्म न्हाई अन् म्हाताऱ्याला नाव न्हाई. लई झालं."

ओसरीवरच्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. कौसाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, देवळीकडे तोंड करून हात जोडले आणि मंग माझ्याकडे वळून एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "लिंबाजी. लिंबाजी वल्द येसाजी. लिवा."

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. लिहिलं, 'सदर दगड लिंबाजी वल्द येसाजी यांनी आपली वस्ती वाचवण्यासाठी हलवला.' त्यांनी अंगठा दिला.

तेच वाक्य मी अहवालात उतरवलं. साहेबांनी तो वाचून मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "तुमचे या लोकांशी काही संबंध आहेत का?" त्यांनी विचारलं. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. म्हणालो, "नाही साहेब. पाणीसुद्धा घरचं नेलं होतं."

त्यांनी लाल पेन उचललं. 'आपली वस्ती वाचवण्यासाठी' हे शब्द खोडले. "हेतू लिहिणं आपलं काम नाही," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. नावावर पेन थोडा वेळ थांबलं. मंग त्यांनी खाली सही केली.

दोन्ही जिल्ह्यांची मंजुरी यायला आणखी दीड वर्ष गेलं. पाचर जालन्याच्या नकाशात आली, टेकडी गायरानात लागली आणि दगड कोळशावर परत रोवला गेला. मी निवृत्त व्हायच्या आधल्या महिन्यात कौसाबाई अहवालाची नक्कल घ्यायला आल्या. बरोबर नातसून आणि पाच वर्षांची पोरगी, तिच्या जन्माचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत. कौसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी नक्कल माझ्यासमोर पसरली.

"मामंजी कुठं हायेत?"

मी ओळ दाखवली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, पुढचे खोडलेले शब्द बघितले आणि विचारलं, "हे काय खोडलं?"

"का हलवला, ते."

मंग कागदाची घडी घालत म्हणाल्या, "असू द्या. ते आमाला म्हाईत हाय."